टोपी आणि ऊन

डोक्यावर काय आहे यावरून माणूस ओळखायची आपल्याकडे जुनी रीत. पगडी, पागोटे, फेटा, रुमाल. बांधणी पाहिली की जात, प्रांत, हुद्दा कळायचा. ऊन अडणे हा वरकड लाभ. पण लाभ खराच! सुती कापडाच्या वेढ्यांत हवा अडकते, ऊन टाळूपर्यंत पोचत नाही, आणि पाठीवर सोडलेला शेमला मान झाकतो. साहेबाची सोला हॅटही याच तत्त्वावरची. एका पाणवनस्पतीच्या हलक्या, हवेने भरलेल्या भेंडाची ती असे. पुढे मात्र ती सावलीपेक्षा साहेबीची खूण झाली.

मग १९२० च्या सुमारास गांधी टोपी आली. काकासाहेब कालेलकरांना गांधीजींनी तिचा विचार सांगितला होता: डोके झाकावे, घडी करून खिशात जावी, आणि रंग पांढरा, म्हणजे घामाचा मळ दिसून ती धुतली जाईल. पण तिला काठ नाही. टाळू झाकते, नाक, कान, मान उघडी!

हा काठच महत्त्वाचा. आमच्या महाड तालुक्यातले वीर साधारण १८ अक्षांशावर. मेच्या मध्यावर दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते. अशा वेळी चार बोटे रुंद काठाची टोपी चेहरा, कान, मान सगळे झाकते. आमचे विद्यार्थी घालतात ती चोचीची क्रिकेट टोपी कपाळ आणि नाकच सांभाळते. कित्येक जण ती फॅशन म्हणून उलटी घालतात. तेवढी मान तरी वाचते म्हणा! ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कर्करोगाच्या धास्तीने अनेक शाळांचा नियमच आहे, टोपी नाही तर मैदानात खेळ नाही.

आपल्याकडे धास्ती उष्माघाताची. याच रायगड जिल्ह्यात, भिरा येथे, २८ मार्च २०१७ रोजी पारा ४६.५ अंशांवर गेल्याची नोंद झाली होती, आणि तीही सावलीतली. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात तासन्‌तास बसलेल्यांपैकी चौदा जण दगावले. एकट्या टोपीने हे टळले असते असे मी म्हणणार नाही. टोपी वरचे ऊन अडवते. अंगातली उष्णता उन्हाळ्यात मुख्यतः घाम वाळूनच बाहेर पडते. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून पाणी आणि सावलीतली विश्रांती लागतेच. नायलॉनची घट्ट टोपी तर घाम कोंडून धरते.

आता राब भाजणाऱ्या, मोळी वाहणाऱ्या बायांचे काय? पावसाला त्यांच्यापाशी इरले आहे, उन्हाला नुसता पदर. रुंद काठाची टोपी घ्या म्हणणे सोपे. पण डोक्यावर चुंबळ आणि वर ओझे, तिथे काठ बसायचा कसा? त्यांनी पदराखाली सुती पंचा ओला करून, दुहेरी घडीने मानेपर्यंत ओढून घ्यावा. वाळला की पुन्हा भिजवावा, आणि ओझे सकाळी दहाच्या आत घरी आणावे.