शिलाई मशीनचे झिजलेले भाग घरीच बदला

आपल्या वस्त्यांमध्ये अनेक घरांचा संसार शिलाई मशीनच्या आधाराने उभा आहे. घरधन्याचा रोजगार सुटला तेव्हा ब्लाऊज शिवून मुलांच्या फिया भरणाऱ्या माताभगिनी कोणत्याही बुद्धविहाराच्या परिसरात भेटतील. १४ एप्रिल जवळ आला की पांढऱ्या साड्यांचे फॉल, ब्लाऊज, निळे झेंडे, पंचशील ध्वज असे काम दारात येऊन पडते. नेमक्या अशा वेळी मशीन अडते. कारागीर चार दिवसांनी येतो, आणि तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेले असते.

पुष्कळदा मशीन बिघडलेले नसतेच. त्याचा एखादा लहानसा भाग झिजलेला असतो. असे भाग झिजण्यासाठीच असतात आणि ते घरी बदलता येतात. त्यासाठी मशीनबरोबर येणारा लहान पेचकस, पक्कड, ब्रश, मशीनचे तेल आणि जुना सुती कपडा एवढे पुरे.

सर्वांत आधी सुई पाहा. टाके सुटू लागले, कापडाचे धागे ओढले जाऊ लागले किंवा टपटप आवाज येऊ लागला, तर सुई बोथट झाली किंवा वाकली असे समजावे. घरगुती मशीनच्या सुईचे वरचे टोक एका बाजूने चपटे असते व दुसऱ्या बाजूला लांब खाच असते. ज्या बाजूने दोरा सुईत ओवायचा, त्या बाजूला ही खाच ठेवावी. सुई वरपर्यंत सारून मगच स्क्रू आवळावा. पातळ कापडाला ११, साध्या सुती कापडाला १४ आणि जाड कापडाला १६ नंबरची सुई वापरावी.

दुसरा भाग बॉबीन आणि तिची केस. कडा वाकलेली बॉबीन फेकून द्यावी, ठोकून सरळ करू नये. दोरा भरलेली बॉबीन केसमध्ये बसवून दोऱ्याने लोंबकळती धरावी. ती आपोआप घसरत खाली आली तर ताण कमी आहे. हलका झटका दिल्यावर थोडीशी सरकून थांबली तर ताण बरोबर आहे. ताण कमी-जास्त करायचा लहान स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवावा. तरीही दोरा तुटत राहिला, तर केसच्या पत्रीखाली दोऱ्याने खाच पाडली आहे का ते पाहावे. खाच दिसली तर केसच बदलावी.

सुईखालची पट्टी काढली की दात्यांमध्ये दबून बसलेला कापसाचा गाळ दिसेल. तो ब्रशने काढावा, फुंकर मारून आत ढकलू नये. पट्टीच्या छिद्रावर सुईचे ओरखडे असतील तर तेही दोरा तोडतात. बारीक झिरो पेपरने ते गुळगुळीत करता येतात. काढलेले भाग कागदावर ओळीने मांडून ठेवावेत, म्हणजे बसवताना क्रम चुकत नाही.

पायमशीनचा चामडी पट्टा वापराने ताणतो आणि चाकावरून घसरू लागतो. पायडल फिरते, पण मशीन फिरत नाही. अशा वेळी तारेची आकडी पकडीने उघडून पट्टा सुमारे एक सेंटिमीटर कापावा, नवे भोक पाडावे आणि आकडी पुन्हा दाबून बसवावी. पट्टा फार आवळला तर पायडल जड होते. पट्टा चिरलेला असेल तर नवाच घ्यावा. बॉबीन भरायच्या चाकाची रबरी रिंग गुळगुळीत झाली असेल, तर बॉबीन सैल भरते. तीही हाताने बदलता येते.

मशीनला मोटर असेल तर प्रथम प्लग काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. मोटरच्या दोन बाजूंना लहान टोप्या असतात. त्यांच्या आत स्प्रिंगवर बसलेले कार्बन असतात. मोटर थांबत थांबत चालू लागली किंवा ठिणग्या जास्त दिसू लागल्या, तर कार्बन संपत आले असावेत. ते नेहमी जोडीने बदलावेत. मापासाठी जुना कार्बन दुकानात बरोबर न्यावा.

तेल मात्र मशीनचेच घालावे. खोबरेल किंवा खाण्याचे तेल काही दिवसांत चिकट होऊन मशीन जखडते. तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवावे, नाहीतर पांढऱ्या साडीवर डाग पडेल. प्रत्येक दुरुस्तीनंतर चाक हाताने सावकाश फिरवून पाहावे. कुठे अडले तर जोर लावू नये.

आपण कुठे थांबायचे हेही ठरलेले असावे. सुई आणि खालच्या शटलची वेळ चुकली, मोटर जळाली, वायर उघडी पडली किंवा हाताला झिणझिण्या आल्या, तर ते काम जाणकाराचेच आहे.

दुरुस्तीच्या या साध्या गोष्टीला आपल्या दृष्टीने आणखी एक अर्थ आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत धोट्याच्या छिद्रातून दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. दोऱ्याला विटाळ होईल या सबबीवर अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या खात्यात, घेतले जात नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. आपल्या लोकांच्या हातांत बळ कमी नव्हते. त्या हातांना यंत्राचे ज्ञान मिळू दिले जात नव्हते. जातिव्यवस्था केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी करते, असे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिले, त्यामागे असेच अनुभव होते.

म्हणून आपल्या घरातील मशीन उघडायला भिऊ नका. ते उघडताना मुलीलाही जवळ बसवा आणि मुलालाही. विहारात रविवारच्या वंदनेनंतर जाणत्या भगिनीने एक मशीन मधोमध ठेवून तासभर हे दाखवले, तर येत्या जयंतीच्या हंगामात कुणाही भगिनीची मजुरी एका सुईपायी किंवा पट्ट्यापायी बुडणार नाही.