श्रद्धेचा प्रकाश म्हणजे काय?

ख्रिस्ती श्रद्धेतला ‘प्रकाश’ म्हणजे एका क्षणात डोळे दिपवणारा साक्षात्कार, अशी समजूत अनेकदा आढळते. पण शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रग्रंथात) हा शब्द अंतर्दृष्टीसाठीही येतो: देव, माणूस आणि स्वतःचे वागणे स्पष्ट दिसू लागणे.

रात्री उसाला पाणी द्यायला निघालेला राहुरीचा शेतकरी बॅटरी लावतो. सारे शिवार उजळत नाही, पुढची चार पावले दिसतात. चालावे तसे पुढचे दिसते. श्रद्धेचा प्रकाशही बहुधा असाच असतो.

क्षणात पालटलेली माणसेही असतात. आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या संत पौलाची कथा त्यामुळेच प्रसिद्ध आहे. पण नियम तो नव्हे. कवी नारायण वामन टिळकांचेच पाहा. 1893 मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियनाने त्यांना नवा करार (बायबलचा दुसरा भाग) दिला. त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले, तरी प्रश्न, वाचन, घालमेल चालूच राहिली. बाप्तिस्मा (पाण्याने होणारा दीक्षाविधी) त्यांनी घेतला तो 10 फेब्रुवारी 1895 रोजी, मुंबईत. पुढे अहमदनगर ही त्यांची कर्मभूमी झाली.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट तर त्याहून लांबची. पतीच्या धर्मांतराने त्या कोसळल्या होत्या. जातिभेद मनातून गळून पडायला त्यांना आणखी काही वर्षे लागली. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा प्रवास त्यांनी विलक्षण प्रांजळपणे लिहिला आहे.