पानं पांढरी, आकाश काळं!

ऊन डोक्यावर आलं की निसर्गाचे फोटो काढणारे बहुतेक जण कॅमेरा बॅगेत ठेवतात. इन्फ्रारेड फिल्मवाल्यांचा दिवस तेव्हाच सुरू होतो! त्यांना हवं असतं कडक ऊन, निरभ्र आकाश आणि भरपूर हिरवाई. कृष्णधवल फोटोत ती हिरवाई पांढरीशुभ्र उमटते, निळं आकाश जवळजवळ काळं होतं आणि तळ्याचं पाणी त्याहून गडद.

गंमत पानाच्या पोटात आहे. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं. पण साधारण ७०० नॅनोमीटर लहरलांबीच्या पुढचे, म्हणजे आपल्या डोळ्यांची हद्द संपल्यानंतरचे इन्फ्रारेड किरण ते अडवतच नाही. हे किरण पानाच्या आत शिरतात, पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्यांवर आपटतात आणि मोठ्या प्रमाणात परत बाहेर पडतात. म्हणजे फोटोत जे चमकतं, ती पानाची अंतर्रचना असते. त्यामुळे रुंद पानांची झाडं आणि गवत झगझगीत दिसतं, सूचिपर्णी वृक्ष तुलनेने सावळे. आकाशाचं गणित उलटं आहे. हवेचे रेणू निळा प्रकाश भरपूर विखुरतात, इन्फ्रारेड फारच थोडा. मग फिल्मपर्यंत पोचायला आकाशाकडे उरतंच काय?

आणि हो, या फिल्मवर उष्णता दिसत नाही. ती दिसते हा गैरसमज फार जुना आहे. अंगाच्या उबेचे फोटो घेणारे थर्मल कॅमेरे ही फिल्म टिपते त्याच्या दहापट लांब लहरी टिपतात.

इन्फ्रारेड किरण सापडले १८०० साली. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाश फाकवला आणि लाल पट्ट्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे, थर्मामीटर ठेवला. पारा चढला! त्या किरणांत निसर्गदृश्यं टिपून जगाला दाखवली ती अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी, १९१० मध्ये. पानं पांढरी होण्याला आजही ‘वुड इफेक्ट’ म्हणतात. हेच वुड १९०४ साली फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेत गेले होते. तिथे ‘एन-किरण’ नावाच्या नव्या शोधाचा गाजावाजा चालला होता. अंधारात त्यांनी उपकरणातला लोलक गुपचूप काढून घेतला, तरी प्रयोग करणाऱ्यांना किरण ‘दिसतच’ राहिले. एन-किरणांचा खेळ तिथेच आटोपला. दिसतं ते तपासून घेणाऱ्या अशा माणसाने न दिसणारा प्रकाश आपल्याला दाखवला, हे मला मनापासून आवडतं.

आता असे फोटो स्वतः घ्यायचे तर आधी जुन्या कॅमेऱ्याची लाल खिडकी जपा. १२० नंबरचा रोल १९०१ पासून बाजारात आहे आणि त्याच्या मागच्या कागदावर फ्रेमचे आकडे छापलेले असतात. ते वाचता यावेत म्हणून बॉक्स आणि फोल्डिंग कॅमेऱ्यांच्या पाठीला लाल काचेची छोटी खिडकी असते. आपल्याकडे अनेकांच्या कपाटात अजून असलेल्या अ‍ॅगफा क्लिक थ्रीलाही ती आहे. लाल का? कारण त्या काळच्या फिल्मना लाल प्रकाश कळतच नव्हता. इन्फ्रारेड फिल्मचं मात्र नेमकं लाल आणि त्यापलीकडच्याशीच नातं! त्यामुळे खिडकीवर काळी चिकटपट्टी लावायची आणि रोल पुढे सरकवताना तेवढी सावलीत उचलायची. रोल भरणं आणि काढणंही सावलीतच. भात्याच्या कॅमेऱ्याचा भाता कोपऱ्यांवर विरला असेल तर तोही आधी तपासावा.

दोन भिंगांचे कॅमेरे इथे राजे. इन्फ्रारेडसाठी लागणारा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर डोळ्यांना जवळजवळ काळा दिसतो. एका भिंगाच्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात आधी चौकट ठरवा, मग फिल्टर चढवा, मग फोटो घ्या, पुन्हा काढा, अशी कसरत होते. रोलायफ्लेक्स किंवा याशिका मॅटवर फिल्टर फक्त खालच्या भिंगाला बसतो. वरच्या भिंगातून वारा थांबेपर्यंत आणि ढग हवा तिथे येईपर्यंत दृश्य निवांत बघत राहता येतं. हॅसलब्लाडची खुबी वेगळी: फिल्मचं मॅगझिनच बदलता येतं. एकात साधी फिल्म, दुसऱ्यात इन्फ्रारेड, आणि एकाच झाडाची दोन रूपं.

फोकससाठी जुन्या भिंगांवर लाल खूण असते. इन्फ्रारेड किरण भिंगापासून किंचित लांब एकवटतात, म्हणून मोजलेलं अंतर नेहमीच्या रेषेवरून त्या खुणेवर सरकवायचं.

या किरणांची पोच किती? ५०० किलोमीटरहून लांबचा डोंगर! अमेरिकी कॅप्टन अल्बर्ट स्टीव्हन्स यांनी १९३२ मध्ये कॅलिफोर्नियातला माउंट शास्ता इतक्या अंतरावरून विमानातून टिपला, इन्फ्रारेड फिल्मवर. कोरडं धुरकट वातावरण हे किरण सहज ओलांडतात. दाट धुक्यापुढे मात्र त्यांचंही चालत नाही, कारण धुक्याचे थेंब लहरींपेक्षा बरेच मोठे असतात.

मार्च १९६९ मध्ये अपोलो ९ च्या अंतराळवीरांनी चार हॅसलब्लाड एकत्र जोडून वेगवेगळ्या फिल्मवर, त्यांत इन्फ्रारेडही, पृथ्वीची जमीन आणि हिरवळ टिपली. पुढच्याच वर्षी भारतात शास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांच्या चमूने हेलिकॉप्टरमधून केरळच्या नारळबागांचे इन्फ्रारेड फोटो घेऊन माडांचा मूळ-मर रोग शोधला. भारतातल्या दूरसंवेदनाची ही सुरुवात मानली जाते. उपग्रह पिकांची तब्येत सांगतात ते आजही पानाच्या याच चमकेवरून.

सिनेमावाल्यांनाही हे वेड होतं. ‘आय अ‍ॅम क्युबा’ या १९६४ च्या चित्रपटातले पांढरे माड आणि पांढरा ऊस बघाच. कोडॅकची एरोक्रोम ही रंगीत इन्फ्रारेड फिल्म छायाचित्रकार रिचर्ड मोस यांच्या काँगोतल्या गुलाबी डोंगरांमुळे गाजली. मला विचाराल तर कृष्णधवलच सरस: गुलाबी रंग आधी स्वतःकडे बघायला लावतो, पांढरं पान झाडाकडे.

कोडॅकची एचआयई ही इन्फ्रारेड फिल्म २००७ मध्ये थांबली, क्रोएशियातल्या सामोबोरची एफ्के २०१२ मध्ये. १२० रोलमध्ये रोलाय इन्फ्रारेड ४०० सुमारे ८२० नॅनोमीटरपर्यंत बघते, इलफर्ड एसएफएक्स २०० साधारण ७४० पर्यंत. रोलाय वापरून बघायची तर महाराष्ट्रात पाऊस सरल्यानंतरचे दिवस उत्तम, कारण तेव्हा रान अजून हिरवं असतं आणि आकाश उघडलेलं. फिल्टरसह ती ४०० ऐवजी १२ ते २५ आयएसओ धरावी, म्हणजे भर उन्हातही ट्रायपॉड हवाच. हिरवाई किती इन्फ्रारेड परतवते ते प्रकाशमापकाला (मीटरला) कळत नाही. म्हणून प्रत्येक दृश्याचे कमी, बरोबर आणि जास्त प्रकाश देऊन असे तीन फोटो घ्यावेत. सहा बाय सहा सेंटीमीटरच्या चौकटीत एका रोलमध्ये १२ फ्रेम, म्हणजे दृश्यं चारच. ती चार नीट निवडा!