किल्टच्या चुण्या, एकरंगी कापडावरील
किल्ट या स्कॉटलंडमधील पुरुषांच्या वस्त्राच्या मागील भागात एकाच दिशेने वळविलेल्या खोल चुण्या घालतात. टार्टनच्या चौकड्यांतील रेषा शिंप्याला वाट दाखवितात. आयरिश पाइपवादकांचा केशरी किल्ट किंवा १८५९ मध्ये उभारलेल्या लंडन स्कॉटिश पलटणीचा हॉडन ग्रे कापडाचा किल्ट मात्र एकरंगी असतो. असे कापड शिवण्यास सोपे, हा समज चुकीचा आहे. टार्टनमधील चूक शिवतानाच कळते, येथे ती बहुधा इस्त्रीनंतर दिसते.

कापडाची किनार खालच्या घेरावर येत असल्याने अंगावरील उभा धागा बाण्याचा असतो. नितंबरेषेखाली घडीची कड त्याच एका धाग्यावर राहिली, तरच चुणी सरळ पडते. कमरेकडे चुण्या निमुळत्या होतात. मागील भाग नितंबावर ५० सेंमी. व कमरेवर ४० सेंमी. असल्यास २५ चुण्यांपैकी प्रत्येक २ सेंमी.वरून १.६ सेंमी.वर येते. प्रत्येकीत केवळ १ मिमी. चुकले, तरी एकूण फरक २.५ सेंमी. पडतो. म्हणून दोन्ही रेषांवरील सर्व खुणा आधीच करून प्रत्येक चुणी शिवल्यावर पुन्हा मोजावी लागते. शिवण नितंबरेषेशी थांबते. खालच्या मोकळ्या भागास कच्चे टाके घालून ओल्या फडक्यावरून इस्त्री करतात व मगच ते टाके उसवितात.