प्रायव्हसी, पाइपवर!

टू बीएचके फ्लॅट, बेडरूममध्ये चौघी आणि हॉलमध्ये झोपणारी पाचवी. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्यांना हे गणित नव्यानं सांगायला नको. पाचवीनं कपडे बदलायचे ते बाथरूममध्येच! घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही आणि फोल्डिंग पार्टिशनची किंमत बघितली की आधी पगाराची तारीख आठवते. यावरचा एकदम सॉलिड उपाय मला मॉलमध्ये नाही, परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीत सापडला.

पोखर्णी म्हणजे नृसिंहाचं गाव. वैशाखात नृसिंह जयंतीला माझ्या मावशीचं दोन खोल्यांचं घर पाहुण्यांनी ओसंडून वाहतं. यंदा त्यात तीन महिन्यांचं बाळ घेऊन माहेराहून परतलेली वहिनी. स्वयंपाकघरात गॅसची धग, बाहेरच्या खोलीत पुरुषमंडळी. बाळ रडलं की ती उठून परसातल्या पत्र्याच्या खोलीत जायची. मे महिन्यात, भर दुपारी! "लेकराला पाजायचं तर दोघांनी बी भाजून निघायचं का?" ती म्हणाली. हिरण्यकशिपूला मारायला देवानं उंबरठा निवडला, धड घरात नाही, धड बाहेर नाही. वहिनीला तशीच जागा हवी होती, फक्त पंख्याखाली.

मावसभावाकडे नळजोडणीतून उरलेले एक इंची पीव्हीसी पाइप होते. तासाभरात स्टँड उभा! तुम्हालाही जमेल. दहा फुटी तीन पाइप, दोन एल्बो, दोन टी, चार एंडकॅप आणि हॅक्सॉ ब्लेड, बास. सहा-सहा फुटांचे दोन खांब, पाच फुटांची आडवी दांडी, पायांसाठी एकेक फुटाचे चार तुकडे. प्रत्येक टी जमिनीवर उलटी ठेवायची, दोन्ही बाजूंना पाय, मधल्या तोंडात खांब. वर एल्बो, एल्बोंमध्ये दांडी.

खरी गंमत पायांत आहे. पंखा फुल्ल असला की पडद्याचं शीड होतं आणि हलका स्टँड सरळ आडवा. म्हणून पायांत वाळू भरायची, टीच्या बाजूला चिंध्यांचा बोळा कोंबायचा, टोकाला एंडकॅप. सोल्युशन फक्त पायांना लावा. वरचे सांधे नुसते दाबून बसवायचे, म्हणजे घर बदलताना सगळं सुटं होतं. आणि दांडी पाच फुटांपेक्षा लांब करायचा मोह नको, प्लॅस्टिक मधोमध झोल खातं. आत बांबूची काठी सरकवली तर उत्तमच. उन्हात गच्चीवर मात्र ठेवू नका, पाइप ठिसूळ होतो.

पडदा? मावशीची जुनी गडद निळी साडी. सहा-सहा फुटांचे दोन तुकडे कापून वर नेफा शिवला, दांडी त्यातून ओवली. रिंगा नाहीत, हुक नाहीत. साडीचे काठ उभे आल्यामुळे दिसायलाही झकास! खाली वीतभर फट मुद्दाम ठेवलेली, हवा खेळायला.

पडदा लागला तेव्हा एक काका म्हणाले, "घरातल्या घरात कशाला हे?" वहिनी उत्तर द्यायला थांबली नाही, बाळाला घेऊन आत गेली. संध्याकाळपर्यंत त्या पडद्याबाहेर रांग होती, दोन लेकुरवाळ्या पाहुण्या आणि देवळात जायला नऊवारी बदलायची म्हणून ताटकळलेली काकांची आई.