नुसतीच हवा?

रविवारची सकाळ, कॉलेजजवळची चहाची टपरी. एक गाडी येऊन थांबते. पुढचा बंपर जवळजवळ जमिनीला टेकलेला, चाकांवर बोल्ट मारलेले रुंद फेंडर आणि डिकीवर हातभर उंच विंग. दोन मिनिटांत सगळ्यांचे मोबाइल बाहेर. ‘काय हवा केलीय राव!’ असं कुणीतरी म्हणतंच. टपरीवर हवा झाली, मान्य. पण रस्त्यावरची खरीखुरी हवा या गाडीशी कशी वागते?

बॉडी किट म्हणजे गाडीला नंतर बाहेरून बसवलेले बंपर, साइड स्कर्ट, फेंडर, डिफ्युझर, विंग वगैरे. यातले बहुतेक भाग मुळात शर्यतीच्या गाड्यांवर आले आणि तिथे प्रत्येकाला काम होतं. फेंडर रुंद झाले, कारण आत जास्त रुंद टायर बसवायचे होते. विंग आली, कारण वेगात धावणारी गाडी हवेमुळे किंचित वर उचलली जाते आणि टायरची पकड कमी होते. विमानाचा पंख उलटा करून लावला, की तोच गाडीला खाली दाबतो. यालाच डाउनफोर्स म्हणतात.

पोर्शेची ९११ कॅरेरा आरएस २.७ हे याचं मस्त उदाहरण. १९७२ च्या पॅरिस मोटर शोमध्ये ती आली, तेव्हा तिच्या मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा होता. तो शोभेचा नव्हता. वेगात मागची चाकं हलकी पडायची, ते त्याने कमी झालं. कंपनीने ५०० गाड्यांचा बेत आखला होता, बनवाव्या लागल्या दीड हजारांहून जास्त. आज तीच शेपटी स्टाइल म्हणून जगभर विकली जाते!

उलटी गोष्ट ऑडी टीटीची. १९९८ मध्ये आलेली ही गोलसर, गुळगुळीत गाडी डिझाइनवाल्यांची लाडकी होती. पण जर्मनीत खूप वेगात वळताना किंवा लेन बदलताना तिची मागची बाजू सुटायची. अपघात झाले, माणसं गेली. मग ऑडीने गाड्या परत बोलावून सस्पेन्शनमध्ये बदल केले, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी यंत्रणा दिली आणि डिकीवर एक छोटा स्पॉयलर बसवला. दिसायला जेमतेम पट्टी, पण तिच्यामागे जिवाचा हिशोब होता.

आता थोडं गणित. डाउनफोर्स वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. सध्याच्या पोर्शे ९११ जीटी३ आरएसवर ताशी २०० किलोमीटरला ४०९ किलो डाउनफोर्स मिळतो, असं कंपनी सांगते. तेच गणित ताशी ६० ला लावा. उत्तर येतं साधारण ३७ किलो. म्हणजे मागच्या सीटवर बसलेल्या एका सडपातळ मित्राएवढंही नाही! आणि हे विंड टनेलमध्ये घासूनपुसून तयार केलेल्या गाडीचं. आपल्या सिग्नल ते सिग्नल रस्त्यांवर विंग काय करणार, ते तुम्हीच ठरवा.

मग किट खरं की नुसतं शोभेचं, हे ओळखायचं कसं? विंग छपराच्या आडोशाला, डिकीला चिकटून असेल तर तिला स्वच्छ हवा मिळत नाही. डिफ्युझर गाडीखालून येणाऱ्या हवेवर चालतो. खाली सायलेन्सर आणि स्टेपनीचा खड्डा असेल, तर मागे चिकटवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या पात्या फक्त फोटोसाठी. बंपरवरच्या जाळीत बोट घालून पाहा. मागे बंद असेल, तर ती हवेसाठी नाहीच.

न चालणारी विंग निदान फक्त पैसे खाते. अर्धवट चालणारी जास्त धोकादायक. मोठी विंग मागच्या चाकांच्याही मागे असते. तिथे दाब पडला की सी-सॉसारखी पुढची बाजू हलकी होते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना ताकद पुढच्या चाकांतून मिळते आणि वळायचंही त्याच चाकांनी. म्हणून शर्यतीत पुढचा स्प्लिटर आणि मागची विंग जोडीने सेट करतात. शिवाय पातळ पत्र्याच्या डिकीवर चार स्क्रूंनी बसवलेली विंग हायवेवर सुटली, तर मागून येणाऱ्या बाइकवाल्याचं काय?

म्हणजे स्टाइल करूच नये का? तसं मुळीच नाही. जपानमधल्या लिबर्टी वॉकने फेरारी-लॅम्बोर्गिनीचे फेंडर कापून रुंद किट बसवले, तेही जुन्या रेसिंग गाड्यांच्या प्रेमापोटी. बघणाऱ्याला वेड लावणं हेही एक काम आहेच. फक्त स्टाइलला परफॉर्मन्स म्हणून खपवू नका.

आणि हो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ विसरू नका. कंपनीच्या मूळ रचनेत परवानगी नसलेला बदल केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

खरंच हवेशी खेळायचंय? मग कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये घुसा. तिथे पोरं स्वतः विंग डिझाइन करतात, साचे काढतात, ट्रॅकवर तपासतात. त्यातली एक जुनी युक्ती तर जवळपास फुकट आहे. विंगवर लोकरीचे छोटे धागे चिकटवायचे आणि गाडी ट्रॅकवर पळताना व्हिडिओ काढायचा. धागे सरळ मागे राहिले, तर हवा चिकटून वाहतेय. वेडेवाकडे फडफडले, तर समजायचं, नुसतीच हवा!