मुका हुकूम आणि त्याची तामिली

पूर्णा नदीवरील येलदरीच्या धरणाकाठी भजनाला बसलेला पेटीवाला एका हाताने चाल वाजवितो आणि दुसऱ्याने भाता हलवितो. तीन-चार स्वर एकाच वेळी उमटवून गाण्यास आधार देण्याची, गिटारवादक जिला कॉर्ड म्हणतात ती, पाश्चात्त्य रीत त्याच्या नित्य व्यवहारात फारशी शिरलेली नाही, आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीतही, रागसंगीताच्या प्रकृतीस अनुसरून, तिच्यासाठी चिन्ह नाही. चित्रपटगीते बसविणाऱ्या तरुणास मात्र तिच्यावाचून गत्यंतर नसते.

‘म्यूझस्कोर’ या स्वरलेखनाच्या मोफत संगणकप्रणालीत स्वरपंक्तीवर ‘सी’ वा ‘ए मायनर’ असे कॉर्डचे चिन्ह लिहिले, तरी २०२० साली ३.५ ही आवृत्ती येईपर्यंत तो वादकासाठी लिहिलेला मुका हुकूमच असे. त्या आवृत्तीपासून यंत्र स्वतःच त्याची तामिली करू लागले. ‘सी’ स्वरास षड्ज मानल्यास ‘सी’ची कॉर्ड म्हणजे सा-ग-प आणि ‘ए मायनर’ म्हणजे ध-सा-ग, हे प्रणाली जाणते. परंतु तो स्वरसमूह पुढील चिन्हापर्यंत निनादावा की चालू मापाच्या, म्हणजे ‘बार’च्या, अखेरीस थांबावा, त्यातील स्वर निकट ठेवावेत की दूर पसरावेत, किंवा केवळ मूळ स्वरच वाजावा, याचा अखत्यार लिहिणाऱ्याकडेच राहतो.

ही साथ सपाट, किंबहुना नीरस असते, हे खरे. तथापि चुकीने लिहिलेले चिन्ह तत्क्षणी कानास खटकते, हा लाभ मला मोठा वाटतो. जिज्ञासूंनी प्रथम एखादे परिचित भावगीत घेऊन हा प्रयोग करावा; रागाच्या बंदिशीवर मात्र ही चिन्हे कृपया पेरू नयेत.